आटपाट नगरातलं औषध

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

श्रोतेहो, सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. आज मी मुलांच्या अद्भुत गोष्टींबद्दल बोलणार आहे, पण बोलता बोलता आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या मरणाचा विषय येणार आहे. रेडिओजवळ लहान मूल बसलेलं असेल, किंवा ज्या घरात असं काही घडून गेलं आहे त्या घरात हा आवाज पोचत असेल, तर पुढचं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्यासमोर एक माईक आहे आणि काचेपलीकडे एक तंत्रज्ञ. तुमचे चेहरे मला दिसत नाहीत. आजचा सगळा विषय याच अडचणीचा आहे.

मी कवी माणूस. बी. ए.ला इतिहास घेतला होता, पुढे पोटासाठी कचेरीतली नोकरी धरली, पण गोष्टींचा नाद सुटला नाही. काही वर्षांपूर्वी मुलांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहायला घेतली. राजा, राणी, राक्षस, बोलणारा मोर, उडणारा पलंग, सगळा सरंजाम. लिहिलेलं प्रकरण दर शनिवारी एका जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन वाचायचं, असा शिरस्ता ठेवला. गावाचं नाव सांगत नाही.

राक्षसानं तीन शिपायांची मुंडकी उडवली, पोरं खिदळली. मोराला चेटकिणीनं भाजून खायचा घाट घातला, तेव्हा एक मुलगी फक्त एवढंच म्हणाली की मोर भाजत नाहीत, कोंबडी भाजतात. मग सातवं प्रकरण आलं. राजाला सात रात्री झोप नाही. राणी वैद्याकडून औषध आणते. राजा औषध पितो, आडवा होतो, आणि उठतच नाही. राजा गेला असं सगळ्यांना वाटतं. सात दिवसांनी तो जांभई देत उठून बसतो, अशी गंमत होती. त्या गंमतीपर्यंत मी पोचलोच नाही. मधल्या ओळीतला एक मुलगा उठला, चप्पल न घालता बाहेर गेला आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभा राहिला. घंटा होईस्तोवर तिथंच.

मॅडम नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, त्याच्या वडिलांनी दोन वर्षांमागं औषध घेतलं."

यवतमाळच्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या बाजारपेठेत कृषी केंद्राच्या पाट्यांवर बियाणे, खते, औषधे असं लिहिलेलं असतं. कपाशीवर औषध मारतात. पाठीवर पंप बांधून जे फवारतात तेही औषधच. लेकराला खोकला झाला तर त्याला देतात तेही औषध. आणि माणूस गेला, कसा गेला हे उघड बोलवत नसलं, की म्हणतात, त्यानं औषध घेतलं. एकाच शब्दात दवाखाना आणि स्मशान. मी दारव्ह्याचा, हा शब्द मी जन्मभर ऐकत आलो आहे, आणि तरी तो कागदावर लिहिताना माझा हात थबकला नाही. उडवलेल्या मुंडक्यांची मला काळजी वाटत होती. औषधाची नव्हती.

त्या दिवसापासून मी एक शोध घेत बसलो. मुलांना गोष्ट सांगण्याआधी, यात अमुक आहे बरं का, असं सांगण्याची पद्धत आली कुठून?

माझ्या नानीला अक्षरओळख नव्हती, पण गोष्टी उदंड. परी, जिन्न, हातिमताई. तिचा एक नियम होता. दिवसा गोष्ट नाही. "दिन को कहानी बोले तो मुसाफिर रस्ता भूल जाते," असं ती म्हणायची. आमच्या शेजारच्या काकूंकडे हाच नियम मामाच्या नावावर होता, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. लहानपणी वाटायचं, म्हातारीला कामाच्या वेळी कटकट नको म्हणून ही युक्ती. असेलही. पण त्यामुळे गोष्ट रात्रीच व्हायची, सगळे घरी असताना, पांघरुणात, कुणाच्या तरी अंगाला अंग लावून. जिन्नाच्या सुळ्यांची भीती वाटलीच तर धरायला नानीचा हात होता.

आणि गोष्टीला उंबरठा असायचा. नानीची गोष्ट 'एक था बादशाह, हमारा तुम्हारा खुदा बादशाह' असं म्हटल्याशिवाय सुरू व्हायची नाही. काकूंची कहाणी आटपाट नगरातच घडायची. हे आटपाट नगर दारव्हा तालुक्यात नाही, दिग्रसच्या वाटेवर नाही, हे आम्हा पोरांना पक्कं माहीत होतं. तिथल्या सुनेला सासू रानात सोडून देते, तिथला राजा पोटच्या पोराचा बळी द्यायला निघतो. होऊ द्या, आटपाट नगर आहे. आपल्या गल्लीत तसं होत नाही. इतकी स्वच्छ सूचना मला पुढे कुठल्या पुस्तकाच्या वेष्टनावर वाचायला मिळाली नाही.

शिवाय नानीचे डोळे. गोष्ट सांगताना ती आमच्याकडे बघत असायची. माझा मावसभाऊ आई वारल्यावर आमच्याकडे राहायला आला, त्या वर्षी नानीच्या गोष्टीतली एकही आई मेली नाही. पूर्वी ज्या मरायच्या त्या आजारी पडून माहेरी जाऊ लागल्या. मी एकदा तक्रार केली, "नानी, ये तो मर गई थी ना?" तिनं मला असा चिमटा काढला की अजून आठवतो.

छापखाना आला आणि हे डोळे गेले. मराठीत मुलांसाठी छापलेल्या पुस्तकांचा आरंभ शोधायचा तर तंजावरला जावं लागतं. तिथं सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावानं मराठीत निघाल्या. मग मुंबईकडे सदाशिव काशीनाथ छत्रे, ज्यांना बापू छत्रे म्हणत, त्यांची 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' १८२८ ची. आणि याच छत्र्यांनी १८३० च्या सुमारास 'वेताळपंचविशी'ही मराठीत आणली. एकाच माणसाच्या हातून नीती आणि वेताळ दोन्ही मराठी वाचकाला मिळाले, याची मला मोठी मौज वाटते. पुढे विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक काढलं. तिथं थोरांची चरित्रं, बोधाच्या कविता, शास्त्राची माहिती. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' आलं, तिथं मुलांना जरा मोकळं हसता आलं.

छापणारा मुलाला पाहत नव्हता, म्हणून त्याला सगळ्याच मुलांची धास्ती. ही धास्ती फक्त आपल्याकडची नाही. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये लोककथांचा पहिला भाग छापला. त्यात कसाई-कसाई खेळता खेळता मुलांनी मुलाला मारल्याची एक गोष्ट होती. तक्रारी आल्या. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ती गोष्ट गेली. त्याच आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली सख्खी आई सावत्र झाली. पोरांना रानात सोडा म्हणणारी हॅन्सेल-ग्रेटेलची आईसुद्धा पुढे १८४० मध्ये सावत्र झाली. आईच्या नावाला बट्टा नको म्हणून सावत्र आयांचा बळी दिला. जगभरच्या किती सावत्र आयांनी या दुरुस्तीची किंमत मोजली असेल!

अरबी गोष्टींचा प्रवास तर याहून वाकडा. आंत्वान गालाँ या फ्रेंच माणसानं १७०४ ते १७१७ या काळात त्या फ्रेंचमध्ये नेल्या. अलीबाबा आणि अल्लाउद्दीन त्याच्या जुन्या हस्तलिखितात नव्हतेच. त्या त्याला १७०९ साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाच्या, अलेप्पोहून आलेल्या तरुणानं तोंडी सांगितल्या. इंग्रजीत एडवर्ड लेननं १८३८ ते १८४० मध्ये भाषांतर केलं, तेव्हा घरात मोठ्यानं वाचता येणार नाही असं जे वाटलं ते गाळलं. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि मग त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी इंग्रजीवरून 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या. त्या ग्रंथाच्या कापून-छाटून केलेल्या मुलांच्या आवृत्त्या आमच्या पिढीपर्यंत आल्या. गाळायचं ते गाळलं होतं. पण दररोज एका मुलीशी लग्न करून सकाळी तिला मारणारा राजा जागेवर होता, कारण तो काढला तर सगळी इमारतच कोसळते.

मी चौथीत असताना नगर वाचनालयातून तसलीच एक आवृत्ती घरी आणली. अलीबाबाच्या भावाचे, कासीमचे, चोर चार तुकडे करतात. उकळत्या तेलानं मर्जिना एकेका चोराला संपवते. हे सगळं मी चवीनं वाचलं. माझी झोप उडवली ती बाबा मुस्तफानं. बाबा मुस्तफा म्हणजे तो म्हातारा, ज्याला डोळे बांधून आणतात आणि कासीमचे तुकडे शिवायला लावतात. काही पुस्तकांत तो मोची असतो, काहींत शिंपी. माझ्या पुस्तकात शिंपी होता. माझे अब्बाही शिंपी होते. रात्री मशीन चालू असलं की मला वाटायचं, अब्बांच्या हाताखाली पायजमा नाही, दुसरंच काहीतरी आहे. चार दिवस मी त्यांच्याजवळ गेलो नाही. शेवटी अम्मीनं खोदून खोदून काढलं, आणि न रागावता मला दुकानात नेऊन बसवलं. सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे आलं, कारण अब्बांची नजर कमी झाली होती. दोरा ओवता ओवता बाबा मुस्तफा गेला.

त्या पुस्तकावर कुणी इशारा छापला असता तर काय छापलं असतं? खून, चोरी, उकळतं तेल. शिंपी या शब्दाला कुणाचं बोट लागलं असतं?

सरकारी इशाऱ्यांची गोष्ट अमेरिकेतून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे भयकथांच्या चित्रपुस्तकांचा सुळसुळाट झाला. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक आलं, ही चित्रपुस्तकं मुलांना बिघडवतात असं सांगणारं. प्रकाशक घाबरले आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःसाठी आचारसंहिता करून घेतली. रक्तपिपासू, नरमांसभक्षक, चालतीबोलती प्रेतं, यांना सरसकट बंदी. १९५५ मध्ये ब्रिटननं कायदा केला, आणि १९५६ मध्ये आपल्या संसदेनंही एक कायदा केला, तरुण व्यक्तींसाठी हानिकारक असलेल्या प्रकाशनांचा. ज्या गोष्टींत गुन्हे, हिंसा, क्रौर्य, किळसवाणे किंवा भयानक प्रसंग मुख्यत्वे असतील, आणि एकूण पुस्तक तरुण मनाला बिघडवेल असं असेल, ते विकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. तरुण म्हणजे वय वर्षं वीसच्या आतला.

आता गंमत बघा. अमेरिकेत चालत्या प्रेतावर बंदी आली त्याच्या दोन वर्षं आधी, १९५२ साली, मद्रासचा 'चांदोबा' मराठीत येऊ लागला होता. आणि चांदोबाचा राजा कोण? वेताळ! झाडावर लटकणारं प्रेत, ते राजा खांद्यावर टाकतो आणि ते बोलू लागतं. अमेरिकेच्या नियमावलीत हा अंक एक दिवस टिकला नसता. आपल्या कायद्यानं मात्र वेताळाच्या केसाला धक्का लावला नाही, कारण सगळ्यांनाच तो घरचा वाटत होता. दारव्ह्याच्या एस. टी. स्टँडजवळच्या दुकानात चांदोबा टांगलेला दिसला की आम्ही पोरं धावत सुटायचो. नंग्या तलवारीचा राजा, पाठीवर पांढरं प्रेत, मागं कवट्या. ते चित्र पाहून कधी कुणी रडल्याचं मला आठवत नाही. पुढे २०१३ पर्यंत चांदोबा निघत राहिला.

पण १९८६ साली १९ मार्चला आपल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवलं. तेव्हा मी अकरावीत होतो. बातमी आमच्या गावात पोचली तेव्हा मोठी माणसं आम्हाला बघून बोलणं थांबवत. नंतरच्या वर्षांत अशा बातम्यांची सवय होत गेली, हे कबूल करायला लाज वाटते. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं, त्यात आपण होतो. २०१७ च्या हंगामात तर मरायचं मनात नसलेली माणसं गेली. कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले, शेकडो दवाखान्यात होते. आणि या काळात आपल्या शिवारातली झाडं बदलली. म्हणजे झाडं तीच, पण अमुक धुऱ्यावरच्या लिंबाखालून पोरं जात नाहीत. अशा गावातल्या वर्गात जुन्या चांदोबाचं ते चित्र उघडून धरायची माझी आज हिंमत होत नाही. वेताळ तोच आहे. आटपाट नगराची वेस मात्र सरकत सरकत शाळेच्या कुंपणाला येऊन भिडली आहे.

मोठ्यांच्या साहित्यानं या विषयाला जागा दिली. २०१९ च्या जानेवारीत आपल्या यवतमाळात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, शेतकऱ्याच्या विधवा पत्नी म्हणून जगणं पेललेल्या बाई. त्या मंचाखाली मी बसलो होतो. मोठ्यांच्या कविता-कथा-नाटकांत हे मरण तोवर पुष्कळ आलं होतं. मुलांच्या गोष्टीत ते जवळपास नाही. तिथं अजून राजे वर्षानुवर्षं शंभर गाई देत बसले आहेत.

इकडे जगात वेगळीच धांदल चालली होती. हॅरी पॉटरचं नाव खेड्यातल्या मुलांनीही ऐकलेलं असतं. त्याचा मराठी अनुवाद झाला, त्यात पहिल्या भागाला 'परीस' हा अस्सल आपला शब्द मिळाला. या पोरक्या मुलाच्या गोष्टीवर अमेरिकेत काही जणांचा आक्षेप होता तो जादूटोण्याचा. २००१ च्या डिसेंबरात न्यू मेक्सिकोतल्या एका गावात चर्चच्या आवारात ही पुस्तकं जाळली. तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या नोंदीप्रमाणे २००० ते २००९ या दशकात सर्वांत जास्त हरकती याच मालिकेवर आल्या. मग २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर विद्यापीठात हीच कादंबरी अभ्यासाला लावली, तेव्हा विद्यार्थ्यांना आधी सूचना दिली गेली की लिंग, वंश, वर्ग यांवरच्या अवघड चर्चा यातून निघू शकतात. विद्यार्थी पदवीच्या वर्गातले! आम्ही बी. ए.ला होतो तेव्हा आम्हाला सूचना एकच असायची, पंच्याहत्तर टक्के हजेरी. पण मला या सूचनेची टिंगल करायची नाही. कुणीतरी शिक्षक आपल्या वर्गाकडे बघतो आहे, एवढं तरी त्यातून दिसतं.

आपल्या देशात या पुस्तकाचा त्रास कुणाला झाला म्हणाल, तर घुबडांना. हॅरीचं पत्र घुबड आणतं, म्हणून शहरातल्या मुलांना घुबड पाळायची हौस आली आणि त्यांचा चोरटा व्यापार वाढला, असं २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी म्हटलं होतं. पुस्तक जाळणाऱ्यांच्या, वर्ज्य ठरवणाऱ्यांच्या, सूचना लिहिणाऱ्यांच्या कुणाच्याही यादीत घुबड नव्हतं.

सिनेमाचं बरं असतं, तिथं निदान पाट्या ठरलेल्या. १९८३ मध्ये यूए आलं, पालकांनी सोबत बसावं असं सुचवणारं. २०२३ च्या दुरुस्तीनं त्याचे सात, तेरा, सोळा असे वयाचे तुकडे केले. नाटकाचं त्याहून बरं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि नव्या संचात, २०१८ मध्ये, वैभव मांगले यांनी रंगवली. पोरं किंचाळतात आणि हसतात, पण नटाला ती समोर दिसत असतात. एखादं फारच घाबरलं तर चेटकीण एक वेडंवाकडं तोंड करून त्याला हसवू शकते. कादंबरीला ते जमत नाही.

माझ्या कादंबरीकडे परत येतो. पुण्याच्या एका तरुण संपादक बाईंनी ती छापायची तयारी दाखवली. हुशार आणि कळकळीच्या बाई. फोनवर म्हणाल्या, "सर, आता पालक विचारतात. पहिल्या पानावर बारीक अक्षरात एक टीप देऊया का?" त्यांनी यादीही करून पाठवली. हिंसा, चेटूक, प्राण्याला इजा, राजाचा तात्पुरता मृत्यू. मी वाचली आणि विचारलं, "यात औषध नाही."

"औषधाचं काय सर?"

मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, "तो शब्द बदलूया ना. काढा करूया."

तसं केलं. राणी आता राजाला काढा देते. पण मनाला पटेना. शब्द बदलला, पण राजा पिऊन निजतो आणि उठत नाही, ते तसंच राहिलं. मॅडमना जाऊन विचारलं, सातवं प्रकरणच काढून टाकू का? मॅडम वर्गाच्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काढू नका सर. माझ्या वर्गात दोन लेकरं अशी आहेत. त्यांच्यासमोर गावात कोणी तो विषय काढत नाही. सगळे त्यांना बघून गप होतात." अकरावीतले आम्ही आणि आम्हाला बघून गप्प होणारी मोठी माणसं मला आठवली. मग त्या म्हणाल्या, "फक्त मला आधी सांगत जा, पुढच्या शनिवारी काय वाचणार ते. मी त्याच्याजवळ बसते."

पुस्तकासाठी टीप मी लिहिली आहे. ती मुलांसाठी नाही, वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे. सातव्या प्रकरणात राजा काहीतरी पितो आणि मेला असं सगळ्यांना वाटतं, समोर कोण बसलं आहे ते पाहून हे प्रकरण आधी स्वतः वाचा, आणि मग जवळ बसून वाचून दाखवा, एवढंच. पुण्याच्या बाईंना ती जरा लांब वाटते.

तो मुलगा बरेच शनिवार वाचनाला आलाच नाही. बाहेर खेळायचा. दिवाळीच्या सुट्या झाल्यावर एक दिवस आला, दाराशी टेकून उभा राहिला. मी त्या दिवशी कोल्ह्याची दुसरीच कुठली तरी गोष्ट वाचत होतो. मॅडम उठून त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. घंटा झाली, पोरं पांगली, तेव्हा तो माझ्या वहीकडे बघत म्हणाला, "काका, थो राजा मंग उठला का?"

"उठला. सात दिवसांनी."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "राजाले पोरगं होतं ना?"

"होतं की. घोड्यावर बसून राक्षसाच्या मागं गेलं नव्हतं का?"

"मंग त्याले कोनं सांगतलं?"

"काय?"

"का राजा गेला म्हनून. सात दिवस त सगळ्याइले तसंच वाटत होतं ना."

मी वही उघडली. सातव्या प्रकरणात राणी होती, वैद्य होता, प्रधान होता, रडणारा मोरसुद्धा होता. राजपुत्राला मी तिसऱ्या प्रकरणात मोहिमेवर धाडलं होतं आणि नवव्यात परत आणलं होतं. मधल्या सात दिवसांत तो कुठं होता, त्याला काय कळलं, कुणाकडून कळलं, याची एक ओळ नव्हती.

छपाई थांबवायला सांगितली आहे. सातवं आणि आठवं यांच्यामध्ये आणखी एक प्रकरण लिहितो आहे. राजपुत्र परतीच्या वाटेवर आहे, सांज झाली आहे, आणि वेशीपाशी कुणीतरी त्याची वाट बघत उभं आहे. ते कोण असावं, हे मला ठरवता येत नाही. राणी लिहून पाहिली, म्हातारा माळी लिहून पाहिला, दोन्ही फाडले. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्यालाच विचारा.

येत्या शनिवारी जाणार आहे.